चांगुणाची कॅसेट

विद्यापीठाची समिती यायच्या आदल्या आठवड्यात मी बावीस पानं टाइप केली. वर नाव दिलं, ‘वाचा-उपचार पदविका : पुढील पाच वर्षांची योजना’. मुरुमला बाजाराच्या दिवशी एक केंद्र, जळकोटला दुसरं, मुलींना शिष्यवृत्ती, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी एक खोली. कागदावर मी फार हुशार बाई आहे.

एक्याऐंशी साली, अपंग वर्षाच्या उत्साहात, उस्मानाबादच्या आमच्या कॉलेजात हा अभ्यासक्रम सुरू झाला. पाच वर्षांत उत्साह आटला, विहिरीही आटल्या. यंदा दोनच विद्यार्थी उरले होते. संस्थेचे अध्यक्ष म्हणजेच साखर कारखान्याचे चेअरमन, आणि त्यांना आमची खोली साखर तंत्रज्ञानाच्या वर्गासाठी हवी होती. टँकरच्या पाण्यावर ऊस कुठला येणार, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की समितीला योजना वाचायला वेळ नसतो, माणूस दाखवा. आधी बोलता येत नव्हतं आणि आता येतंय, असं एक माणूस दाखवलंत तर अभ्यासक्रम वाचेल.

तसं माणूस माझ्याकडे होतं. जळकोटच्या पलीकडच्या एका वाडीतली चांगुणा. दुसऱ्या बाळंतपणात तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून ‘ता, ता’ एवढंच निघायचं. सोनारीच्या भैरोबाला नवस बोलून झाला, मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. तिची आई द्वारकाबाई दर बुधवारी दोन एसट्या बदलून तिला घेऊन यायची. असं दीड वर्ष चाललं.

पाणी, भाकर, चूल असं करत करत आम्ही घरातल्या माणसांच्या नावांवर आलो. नवऱ्याचं नाव घ्यायला तिला चार महिने लागले. त्यातले दोन जिभेचे, दोन लाजेचे. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कशाला घेईल ती? एका बुधवारी मात्र ते निघालं आणि मी टेपरेकॉर्डर चालू केला. ‘माझं नाव चांगुणा. मालकाचं नाव उत्तरेश्वर.’ एवढं जोडाक्षरांचं नाव, आणि एकही अक्षर गळालं नाही. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसली, चांगुणा हसली, मीही हसले. ते हसणंही कॅसेटवर आलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी शहाणपणा केला. समितीपुढे फाटक्या लुगड्यातली म्हातारी साक्षीला उभी करण्यापेक्षा फेटा बांधलेला कर्ता पुरुष असेल तर वजन पडेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी चांगुणाच्या घरी पोस्टकार्ड टाकलं की या वेळी घरातल्या कर्त्या माणसानं तिला घेऊन यावं. उत्तरेश्वर ऊसतोडीला गेलेला होता. मग कर्ता माणूस कोण, तर तिचा थोरला दीर, बलभीम.

जळकोटला बुद्धविहारामागं आमचं घर. माझ्या आईनं तिच्या थोरल्या दिरासमोर जन्मात तोंड उघडलं नाही. हे मी रोज बघत मोठी झाले. मुंबईला जाऊन माणसांना बोलायला शिकवायचं शिकले, आणि कुणासमोर कोण बोलत नाही एवढं मात्र विसरले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

समिती साडेअकराला आली. तिघंजण. त्यांचे अध्यक्ष वयस्क होते, बोलायला सभ्य होते. बलभीम दाराशी हात जोडून उभा राहिला. चांगुणा त्याच्यामागून आत आली ती नाकापर्यंत पदर ओढून.

अध्यक्षांनी तिला नाव विचारलं. ती गप्प. मी विचारलं, तरी गप्प. घड्याळ, तांब्या, भाकरीचं चित्र, सगळं दाखवून झालं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. अध्यक्षांनी प्राचार्यांकडे बघितलं आणि मी घाबरले. त्याच वेळी मी बलभीमला बाहेर बसा म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. ते मला सुचलं नाही. मी घाईनं टेपरेकॉर्डर पुढं ओढला आणि कळ दाबली.

‘मालकाचं नाव उत्तरेश्वर,’ कॅसेट मोठ्यांदा बोलली. मागून तिघींचं हसणं.

बलभीमनं मान फिरवली. चांगुणा भिंतीकडे तोंड करून खाली बसली. अध्यक्षांनी बलभीमला विचारलं की हा आवाज हिचाच का.

“मला काय म्हाईत, साहेब,” बलभीम म्हणाला. “चौदा वर्सं झाली तिला घरात येऊन. म्या तिचा आवाज कदी ऐकलाच न्हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. मी सगळा उलगडा करून सांगितला, बलभीमला बाहेर बसायची विनंती केली, आणि तो भला माणूस लगेच गेला. पण आता उशीर झाला होता. चांगुणानं माझ्यासाठी तोंड उघडलं, जीव खाऊन प्रयत्न केला, आणि बाहेर आलं ते ‘ता, ता’. दीड वर्ष एका क्षणात गेलं. मला तिथंच रडू फुटलं आणि त्याचीही मला लाज वाटली.

अध्यक्षांनी जाताना समजुतीनं सांगितलं की जूनपासून नवे प्रवेश नकोत अशी शिफारस करावी लागेल. निवेदन द्यायचं असेल तर पंधरा दिवसांत पुरावा जोडून द्या. ती कॅसेट जोडा, आम्ही तज्ज्ञांकडून तपासून घेऊ. बावीस पानं टेबलावर तशीच राहिली.

मी त्या दोघांना सोडायला स्टँडवर गेले. बलभीम रागावलेला नव्हता. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

“बाई, तुमी लई केलं तिच्यासाठी,” तो म्हणाला. “पण आता ऱ्हाऊ द्या. चार लोकांत मशिनीतनं धाकल्याचं नाव निघालं, ते बरं न्हाय दिसलं.”

एसटी लागली. तो पुढं होऊन जागा धरायला चढला. चांगुणा मागं राहिली. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी शिकवलं होतं तसा तिनं आधी श्वास घेतला.

“ते मशिनीतलं पुसा, बाई.”

मी तिला शब्द शिकवले होते, घोकून घेतलेली वाक्यं शिकवली होती. स्वतःच्या मनानं जुळवलेलं तिचं हे पहिलं वाक्य. एकही अक्षर गळालं नाही. मी नुसती मान हलवली आणि ती एसटीत चढली.

मी परत आले. खोलीत प्राचार्य वाट बघत होते. कॅसेट कपाटात नीट ठेवा, निवेदन उद्याच टाइप करू, असं सांगून ते गेले. मी दार लावून घेतलं, कॅसेट मागं नेली आणि रेकॉर्डची कळ दाबली. पुढचा अर्धा तास मी टेपरेकॉर्डरसमोर एक शब्द न बोलता बसून राहिले.