कोरी नळी

वरदाची कोरी नळी दुसऱ्यांदा भरलेली निघाली.

आता हे कोऱ्या नळीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. लीड्सच्या त्या लॅबमध्ये दलदलीतला जुना चिखल येई. त्यात उरलेले परागकण आणि डीएनए तपासून हजारो वर्षांपूर्वी तिथे कोणती झाडं होती ते शोधायचं. चिखलाच्या नळ्यांसोबत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. तिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलं, तर बाहेरून काहीतरी शिरलं म्हणायचं आणि सगळं काम केराच्या टोपलीत. वरदाच्या पाण्यात हेझेल, लाइम, एल्म असल्या तिकडच्या झाडांचं अख्खं रान सापडत होतं. तिसऱ्यांदा तेच झालं की प्रोजेक्ट बंद, त्याच्याबरोबर व्हिसा, आणि बाईसाहेब नागपूरला परत. तिला अजिबात जायचं नव्हतं. इथे यायला तिने जिवाचा आटापिटा केला होता.

"मी एक वेडेपणा केलाय," तिने शेवटी लॅबप्रमुख निधीला सांगून टाकलं. "चिखल काढायला दलदलीत पाइप ठोकायच्या आधी जमिनीला नमस्कार केला. थोडा चिखल कपाळाला लावला. सवय गं, दुसरं काय."

निधी लीड्समध्येच जन्मलेली. तिने हसण्यावारी नेलं. "नंतर तू किती वेळा फेस वॉश केला असेल! सिली नको होऊ. पण थर्ड टाइम मी करते. तू काचेच्या बाहेर थांब."

निधीने केलं आणि नळी कोरी निघाली. चिखलातलं रानही थराथराने नीट उलगडलं; आधी हेझेल, मग एल्म, आणि पुढे एल्म गेला तो गेलाच. काम वाचलं. वरदाने आईला फोन करून मनसोक्त रडून घेतलं.

पण एवढ्यावर थांबेल ती निधी कसली. शंका नको म्हणून तिने वरदाला एका स्वच्छ नळीत फुंकर मारायला लावली.

रिझल्ट आला त्या दुपारी निधीने तो स्क्रीनवर दोनदा तपासून पाहिला. जुन्या डीएनएचा पार भुगा झालेला असतो. त्या भुग्यावरूनच तो जुना आहे हे कळतं. वरदाच्या श्वासातल्या झाडांच्या डीएनएचा धागा मात्र लांबच लांब होता, कुठेही तुटलेला नाही.

"हे मेलेला एल्म नाहीये," निधी हळूच म्हणाली. "हे आत्ता ग्रो होतोय."

वरदा भयंकर घाबरली. "मी घरी जाते, निधी. नागपूरला, आईकडे. आजच तिकीट बघते."

निधीने ग्लोव्हज चढवले. एक नवी नळी घेतली आणि लेबलवर दलदलीचं नाव लिहायचं तिथे 'वरदा' असं लिहिलं. मग नळी तिच्या ओठांपाशी धरत ती अगदी मायेने म्हणाली, "व्हिसाची काळजी सोड आता. तुला इथून कोणी जाऊ नाही देणार."