उरलेल्या लाकडांचा ओटा

मित्रांनो, तुम्ही माझ्यापाशी येता, चपला काढता आणि आत निघून जाता. आज जरा थांबा. मी एक जुना लाकडी ओटा आहे. वरळीच्या बीडीडी चाळींमागे एक लाकडी केबिन आहे, तिच्या दारापुढे माझी जागा.

चाळी बांधल्या जात होत्या तेव्हा नकाशे ठेवायला ही केबिन उभी केली. इथे पाणी साचते, म्हणून मला जमिनीपासून दोन हात उंच केले. खालच्या तुळया सागाच्या, वरच्या फळ्या मात्र हलक्या देवदाराच्या. चाळी पुऱ्या झाल्या, नकाशे गेले आणि केबिनीला कुलूप लागले. तीस वर्षे माझ्याकडे कुणी वाकून पाहिले नाही.

मग सुंदराबाई आल्या. त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला होत्या. वयाच्या तिसाव्या वर्षी त्या लिहायला शिकल्या होत्या. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी ठरवले, चाळीतल्या बायकांना शिकवायचे. केबिनीला कुलूप, म्हणून वर्ग माझ्यावरच भरू लागला. पहिली पाळी सुटली की पंधरा-वीस बायका पाट्या घेऊन बसत. इतकी माणसे माझ्यावर कधीच बसली नव्हती. मला फार बरे वाटे.

पण माझ्या फळ्या आतून कुजल्या होत्या. मी करकरून सांगत होतो, तेवढेच मला येत होते. अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी वर्गातल्या राधाबाईंचा पाय फळी मोडून खाली गेला आणि घोट्याचे हाड मोडले. ती किंकाळी मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी चाळींचे मुकादम गंगाधरराव आले. म्हणाले, "बाई, हा ओटा उखडून टाकतो. उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण?"

"रविवारपर्यंत थांबा," सुंदराबाई म्हणाल्या. "नवा करून दाखवते."

"लाकूड कुठलं आणणार?"

"ते माझं मी बघते."

त्याच गिरणीत कायतान नावाचे सुतार होते, गिरगावातले. सुंदराबाईंनी त्यांना बोलावले. त्यांनी माझ्याखाली शिरून एकेक तुळई टोच्याने टोचून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाय, सांगाडा लोखंडासारखा आहे. नुसती कातडी बदलायची."

मित्रांनो, मोडीत निघालेल्याला असे शब्द ऐकून काय वाटते, ते तुम्हाला कसे सांगू!

मग लाकूड जमू लागले. कायतान यांच्या वाडीत एका घराचा जिना बदलला होता, त्याच्या जुन्या पायऱ्या हातगाडीवर आल्या. गोदीतल्या खोक्यांच्या फळ्या आल्या. परळला संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली होती, तिथल्या मंचाच्या मोडक्या फळ्या बायका डोक्यावरून घेऊन आल्या. कुणी वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले, कुणी तुळयांना डांबर लावले. फळ्या लहानमोठ्या जाडीच्या होत्या. कायतान खाली चिपा सारून त्या एका पातळीत आणत. सुंदराबाई पाळीवरून आल्या की थेट करवत हातात घेत. त्यांच्या तळव्यांना फोड आले, तर चिंधी गुंडाळून त्या पुन्हा बसल्या.

शनिवारी संध्याकाळी एका फळीची जागा उरली आणि शिल्लक फळीही एकच. मंचाच्या पुढच्या बाजूची. तिच्यावर लाल रंगात लिहिले होते, 'मुंबईसह'. कायतान यांनी अक्षरे काढायला रंधा उचलला.

"नको, कायतानभाऊ," सुंदराबाई म्हणाल्या. "अक्षरं वरच राहू द्या."

"लोक पाय देतील, बाय."

"नाही देणार. वाचतील आणि ओलांडून जातील."

रविवारी गंगाधरराव बूट घालूनच चढले. त्यांनी जागोजागी टाच आपटली. मी जरासुद्धा हललो नाही. त्या फळीपाशी मात्र ते थबकले.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी दरडावून विचारले.

राधाबाई काखेत कुबडी घेऊन कडेला उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. एकेक अक्षर जुळवीत त्यांनी मोठ्याने वाचले, "मुं-ब-ई-स-ह. मुंबईसह!"

"आणि पुढे?"

"पुढची फळी मिळाली नाय, साहेब. पण पुढचं समद्यांना ठावं हाय."

गंगाधररावांनी पाय उंच उचलून ती फळी ओलांडली, केबिनीचे कुलूप उघडले आणि किल्ली सुंदराबाईंच्या हातात ठेवली.

पुढे दीड वर्षाने मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्या दिवशी माझ्यावर बसायला जागा उरली नव्हती.

मित्रांनो, माझ्या खालचे डांबर आता पुन्हा उडाले आहे. डाव्या कोपऱ्यातला एक खिळा वर आला आहे. मला नवे करू नका. एक हातोडी आणा, दोन घाव घाला. आणि कुठलीही फळी पायाखाली करकरली, तर तिच्यावर चिडू नका. खाली वाका आणि बघा, तिला काय झाले आहे ते.