खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतला जुना डीप फ्रीजर आहे. पोटात कायम उणे ऐंशी अंश थंडी. चौदा वर्षांत मी एकदाही बंद पडलो नाही. शेजारची नवी यंत्रं मात्र दर दोन महिन्यांनी आजारी. एवढा गर्व मला असू द्या.

पण यंदा जे झालं, त्याने मी पुरता हादरलो आहे. अजूनही खरं वाटत नाही.

माझ्या वरच्या खणात श्रद्धामॅडमचं पाच वर्षांचं काम होतं. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देतात. त्या जिवाणूंच्या अंगावरचे पदार्थ, म्हणजे प्रतिजन, वेगळे काढायचे आणि त्यांवरून कोणता जिवाणू कोणता ते ओळखायचं, हे मॅडमचं संशोधन. एक अगदी निराळा जिवाणू त्यांना धायरीत सापडला, तोही आमचे शिपाई दत्तोबा यांच्याच रानात. रोपं दत्तोबांनी स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पुढे रान विकलं गेलं, तिथे बारा मजली इमारत झाली. तो जिवाणू उरला फक्त माझ्या पोटात.

खंडेनवमीला आमची पूजा असते. दत्तोबांनी मला पुसून लख्ख केलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

“मॅडम, समदी यंत्रं बंद करू ना? ह्यो बी?”

मॅडम फोनवर होत्या. त्यांनी न बघताच मान हलवली.

“घे बाबा, तू बी जरा इसावा घे,” म्हणत दत्तोबांनी माझं बटण बंद केलं. मी बोंब मारली असती हो! पण माझी धोक्याची घंटा फार कर्कश वाजते म्हणून साहेबलोकांनी ती कधीच काढून ठेवली होती.

मग दसरा, शनिवार, रविवार. सोमवारी मॅडमनी दार उघडलं तर आत कोमट पाणी आणि कुबट वास. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कोणी बंद केला हा?”

“मीच, मॅडम. तुमी व्हय म्हनला न्हवं?”

मॅडमना आपली हललेली मान आठवली. त्या मटकन खाली बसल्या, ओल्या फरशीवरच. प्रतिजन नासले होते. जिवाणू पुन्हा वाढवायला त्या आठवडाभर झटल्या, पण एकाही कुपीतून तो उगवला नाही, तेव्हा त्यांना रडूच कोसळलं.

“रडू नगा, मॅडम,” दत्तोबा घाईघाईने म्हणाले, “आत्ता रानात जातो आन् दुसरी रोपं उपटून...”

आणि ते तिथेच थांबले.

मित्रांनो, माझ्या दारावर ते कुंकू अजून आहे. ते पुसायला कुणाचा हात धजत नाही. तुम्ही आमची पूजा जरूर करा, पण त्याआधी आमच्या पोटात काय आहे, तेवढं विचारा.