मांडीवरचं वजन

चंद्रावतीला सुनेचा राग नव्हता, सुनेच्या पिशवीचा होता. माणसाचा राग आला तर भांडता तरी येतं. दोन किलो तांदूळ भरलेल्या फडक्याशी भांडायचं कसं?

देवबागच्या त्या घरात ही पिशवी आली २००८ च्या दिवाळीनंतर. आदल्या वर्षी चंद्रावतीच्या नवऱ्याची, गुणाजीची, होडी खाडीच्या तोंडावर उलटली. माणूस वाचला, पण खांद्यातला जोर गेला आणि मनात धास्ती बसली. खुर्चीत टेकला की त्याचे गुडघे थडथड उडायला लागत, हातातला चहा सांडे. त्यावर औषध एकच होतं. चंद्रावतीने शेजारी बसून त्याच्या मांडीवर हात दाबून ठेवायचा. पाच मिनिटांत पाय गप्प. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला आपल्यावाचून चालत नाही, हे तिला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला भारी आवडलं होतं.

मग वर्षालीने, म्हणजे सुनेने, सासऱ्याला कुडाळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मांडीवर ठेवायला वजनाची पिशवी सांगितली. वर्षाली घाटाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने माहेरचे तांदूळ तोलून घेतले, जाड कापडाला छोटे छोटे कप्पे शिवले आणि त्यात भरले, म्हणजे वजन एका बाजूला गोळा व्हायला नको. वीस मिनिटं ठेवायची, मग काढायची. झोपताना ठेवायची नाही. पायाला मुंग्या आल्या तर लगेच काढायची. आणि मुख्य म्हणजे ज्याच्या मांडीवर पिशवी आहे, त्याला ती आपल्या हाताने उचलून बाजूला करता आली पाहिजे.

चंद्रावतीने हे सगळं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तिला दिसलं ते एवढंच, की पिशवी मांडीवर आली, गुणाजी न सांडता चहा प्यायला आणि बरं वाटतं म्हणून वर्षालीला सांगू लागला. मासळीची पाटी घेऊन ती तरातरा बाजाराला निघाली. त्या दिवशी बांगड्यांच्या भावात घासाघीस करायची एकाही गिऱ्हाइकाची छाती झाली नाही.

चार दिवसांनी वर्षाली काही कामाला मालवणला गेली. चंद्रावतीने तेवढ्यात आपलं जुनं लुगडं फाडून पिशवी शिवली. तांदूळ कशाला? आपण समुद्रावरची माणसं. माळ्यावर गुणाजीचं फाटकं जाळं पडलं होतं. जाळं तळाला जावं म्हणून त्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी तिने एकूण एक सोडवले आणि पिशवीत ओतले. कप्पे वगैरे काही नाहीत. सुनेची पिशवी दोन किलोची, तर आपली आठ किलोची. चौपट वजन, चौपट गुण.

ती मांडीवर ठेवताच गुणाजीचे पाय जागच्या जागी थांबले. त्याने तिच्याकडे पाहून मान डोलावली. चंद्रावती ताठ मानेने मासळी विकायला बाहेर पडली.

परतायला तिला दोन तास लागले. दारातून पाहते तर वर्षाली आधीच घरी आलेली, पिशवी जमिनीवर, गुणाजी खुर्चीत पांढराफटक आणि वर्षाली त्याच्या पोटऱ्या चोळते आहे. सगळं शिसं घसरून गुडघ्यांकडच्या एका बाजूला गोळा झालं होतं आणि दोन्ही पाय बधिर पडले होते. उचलायचा प्रयत्न त्याने केला होता, पण खांद्याने साथ दिली नाही.

"हाक कित्याक नाय मारलात, बाबांनू?" वर्षाली विचारत होती. "शेजारी माणसां होती."

"तिणा हौसेन शिवल्यान," गुणाजी म्हणाला. "दुसऱ्याक काढूक सांगलंय तर तिका काय वाटात?"

चंद्रावती दारातच खाली बसली. मत्सर आपला आणि पाय मात्र त्याचे, हे तिला कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. वर्षाली तिला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. पण शिसं अंगाला चांगलं नाही, हात साबणाने धुवा, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या लुगड्याची कप्प्यांची पिशवी दोघींनी मिळून शिवली. तांदूळ चंद्रावतीने स्वतः मासळीच्या तराजूत तोलले, दोन किलोवर एक दाणा जास्त पडू दिला नाही. गुणाजीला तर तिने पिशवी तीनदा उचलून दाखवायला लावली.

तेव्हापासून त्या नियमांना तिच्याइतकं कडक राखणारं कोणी नव्हतं. गुणाजीच्या मांडीवर पिशवी आली की ती समोर घड्याळ घेऊन बसे, आणि विसावं मिनिट सरलं रे सरलं की काढायला लावी. वर्षालीला वाटे, सासूबाईंना पटलं. पटलं होतंच. पण मत्सर अजून होता तिथेच होता, आणि वीस मिनिटं संपायची त्याला भलती घाई असे.

एका संध्याकाळी गुणाजीने मधेच पिशवी आपल्या हाताने उचलली आणि बाकावर ठेवून दिली.

"झाली वीस मिंटां," तो म्हणाला. "आता तुझो हात ठेव गो."

घड्याळात आठच मिनिटं झाली होती. चंद्रावतीने ते पालथं घातलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.