मबरूकाचे नाव

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता माझा पट्टा सैल झाला आहे आणि मी वाजत नाही.

शायाने मला कुवेतहून इजिप्तमधल्या आपल्या गावी, कोम ओंबोला आणले. लग्नांत गाणी वाजवून मी खूप कौतुक मिळवले. नवे यंत्र आल्यावर मात्र मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, नाब्राकडे गेलो.

नाब्राला एकच नाद होता, घराण्याचे मूळ शोधण्याचा. जुने गाव धरणाखाली बुडाले, कबरीही बुडाल्या. उरल्या त्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. मला काखोटीला मारून ती घरोघर फिरे. सगळ्यांत जास्त ठाऊक होते ते तिच्या दहब आत्याला.

"माझा आवाज ह्या डबड्यात कोंडणार होय गं?" आत्या हसायची. पण एकदा सुरू झाली की थांबत नसे.

एकदा ती म्हणाली, "माझी आजी मबरूका बाजारात विकत घेतलेली गुलाम होती. पटकी आली तेव्हा मालकाच्या आजारी मुलाला टाकून सगळे पळाले. हिनं त्याला जगवलं. मग त्या मुलानं हिच्याशीच निकाह लावला."

शायाच्या कानावर हे गेले. त्याच्या मुलीची सोयरीक एका तालेवार घरात ठरत होती.

"पोरीचं लग्न मोडायचंय का तुला? पुसून टाक ते!" तो कडाडला.

"खरं आहे ते, दादा. नाही पुसणार."

दुसऱ्या दिवशी नाब्रा बाजारात गेलेली पाहून त्याने मला उचलले. टेप मागे नेऊन नेमकी जागा शोधली आणि लाल बटण दाबले. मित्रांनो, ते बटण दाबले की जुने पुसले जाते आणि जवळचा आवाज त्या जागी उमटतो. दाबणाऱ्या बोटाला मी नाही म्हणू शकत नाही. आत्याचा एकेक शब्द माझ्या पोटात विझत गेला.

"पुसतोयस?" दारात आत्या काठी टेकून उभी होती. "पूस बाबा. पण ती नसती तर तू असतास का रे?"

टेप फिरतच होती.

"नाव तरी घे तिचं! ह्या घरातल्या एकाही पुरुषानं कधी घेतलं नाही."

त्याचे ओठ हलले. "मबरूका."

"मोठ्यानं!"

"मबरूका! माझी पणजी!" तो ओरडला आणि खाली बसून हुंदके देऊ लागला.

मग त्याचे लक्ष अजून दाबलेल्या लाल बटणाकडे गेले; त्याचे शब्द टेपवर उमटले होते. त्याचा हात पुढे आला. मी घाबरलो. त्याने मला थांबवले, कॅसेट काढली आणि तिच्या पाठीवरचा इवलासा दात नखाने मोडला; तो मोडला की लाल बटण दाबलेच जात नाही.

"आता कुणालाच पुसता यायचं नाही," तो म्हणाला.

ती सोयरीक मोडली. शायाने स्वतःच त्यांना सारे सांगितले होते. मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना वेळेवर विचारा. आणि ते सांगतील त्यातले आवडेल तेवढेच ठेवू नका.