आधी साइटनं बोलायचं

मराठवाड्याच्या मागासलेपणावर विज्ञानानं घातलेला पहिला घाव म्हणून इतिहासात ज्या वाक्याची नोंद व्हायला हवी, ते वाक्य जिंतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी चाललेल्या एका धरणाच्या कामावर उच्चारलं गेलं. ते असं होतं : "विष्णुपंत, चहा पाठवा. ओव्हर."

विष्णुपंत हे साइटचे स्टोअरकीपर. ते शेजारच्याच खोलीत, हातात दुसरा संच धरून उभे होते. इंजिनिअर साहेबांचा हुकूम त्यांना संचातूनही ऐकू आला आणि भिंतीतूनही. भिंतीतून जरा जास्त स्पष्ट आला. पण साहेबांचा उत्साह पाहून त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

साइटवर टेलिफोन नव्हता असं नाही. यंत्र होतं. नामांतराच्या दंगलीत कुणीतरी तोडलेली तार जोडायला जो माणूस निघाला होता, तो अजून वाटेवर होता. म्हणून दिल्लीचा परवाना काढून मुंबईहून हे दोन वॉकीटॉकी संच आणले गेले. चहा आल्यावर एक संच साहेबांच्या टेबलावर राहिला. दुसरा ओढ्यापलीकडच्या खदानीवर गेला आणि मुंजाजीच्या खांद्याला लागला.

खदानीत सुरुंग उडवण्याआधी हाळी देणं, हे मुंजाजीचं काम. सरकारदरबारी त्याला मजूरच म्हणत, कारण हाळी देणाऱ्याचं पद मंजूर नव्हतं. टेकाडावर उभा राहून तो "बार हाय होऽऽ, बार" अशी आरोळी ठोके, तेव्हा खडी वाहणाऱ्या बायका टोपल्या जागच्या जागी टाकून बांधाआड जात, ओढ्यापलीकडचा चौकीदार रस्त्यावरचा बांबू खाली घेई आणि ऑफिसातलं कुत्रं आपण होऊन टेबलाखाली शिरे. सुरुंग उडवणारा माणिकराव म्हणायचा, "दारू कशाला भरायलाव? मुंज्याला दगडापशी नेऊन हुबा करा. आपसूक फुटतंय."

हा आवाज शिमग्यात बसला. शिमग्यात सगळ्यांचाच बसतो, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. बाकीच्यांचा थोड्या दिवसांत सुटला. मुंजाजीनं हळद-गूळ केला, ज्येष्ठमध चघळलं, कुणी सांगितलं म्हणून गरम मिठाच्या पुरचुंडीनं गळा शेकला. शेवटी त्याची बायको पंचफुला त्याला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मुंबईला जा म्हणाले. मुंबईला जा म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टरही जास्त फोड करत बसत नाहीत. दोघं उलटपावली एसटीनं माघारी आली. वाटेत जिंतूरच्या स्टँडवर पंचफुलानं त्याच्यासाठी गरम जिलबी घेतली. ती त्याच्या घशाखाली उतरेना, तेव्हा तिनंच खाल्ली, टाकवेना म्हणून.

अशात संच आला. बाकीच्यांना ती सरकारची हौस वाटली. मुंजाजीला देव पावल्यासारखं झालं. कारण संचात ओरडायचं नसतं. संच घेऊन आलेल्या मुंबईच्या माणसानं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, की तोंडाजवळ धरा आणि हळू बोला. मुंजाजीला याहून सोयीची अट घालता आली नसती. एवढी भारी वस्तू अंगावर असताना बोंबलणं बरं दिसत नाही, अशी सबब सांगून त्यानं माणसं पांगवायला शिट्टी आणि लाल निशाण मागून घेतलं. रान मोकळं झालं की तो बटण दाबून पुटपुटे, "रान मोकळं हाय साहेब. ओव्हर." पलीकडून साहेब म्हणत, "उडवा." आधी साइटनं बोलायचं, मग ऑफिसनं, हा साहेबांचा कडक नियम होता. ऑफिसनं आधी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे.

साहेब त्याच्यावर खूश होते. बाकीच्यांना सुनावत, "यंत्राशी कसं बोलावं ते या मुंजाजीकडून शिका. तुम्ही संचात म्हशी हाकता."

मुंजाजीला फक्त दिवाळीपर्यंत पोचायचं होतं. रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना कायम करण्याच्या ऑर्डरी दिवाळीच्या तोंडावर निघणार होत्या आणि त्यात त्याचं नाव लागलं होतं. माणूस त्या दिवशी कामावर असला म्हणजे झालं. कायम माणूस गेला तर सरकार त्याच्या बायकोला काहीतरी काम देतं, ऑफिसच्या झाडलोटीचं का होईना. रोजंदारीवरचा गेला तर हजेरीला दुसऱ्याचं नाव पुकारतात. नवरा-बायको हे एकदाच बोलली होती. पंचफुला स्वतः खडीच्या टोपल्या वाहत होती, पण साइट संपली की खडी संपते, हे तिलाही कळत होतं. तेव्हापासून ती घरात प्रश्नच असे विचारी, की त्याला मान हलवून भागावं. भाकर वाढू का. पाणी तापलंय, काढू का. दुखायलंय का, हे ती विचारत नसे. त्यालाही मान पुरली असती, तरी.

खंडेनवमीला साइटवर हत्यारांची पूजा असे. विष्णुपंत स्टोअरकीपर होते तसे भिक्षुकही होते, आणि दोन्ही कामं ते सारख्याच सोवळ्यानं करत. त्यांच्या स्टोअरात प्रत्येक पहारीवर, घणावर, घमेल्यावर आकडा ठोकलेला होता आणि प्रत्येक माणसाचा आकड्याचा पितळी बिल्ला होता. हत्यार बाहेर गेलं की नेणाऱ्याचा बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्याला लटके. संध्याकाळी हत्यार परत आलं की बिल्ला ज्याचा त्याला. साइटवरची कोणती वस्तू या घटकेला कुणापाशी आहे, हे विष्णुपंत डोळे मिटून सांगत. माणूस कुठं आहे असं विचारलं तर म्हणत, "तो आपला विषय नाही."

त्या वर्षी पूजेला पहारी, घण, पंप, रोलर आणि दोन्ही संच मांडले. संचांना पंचामृताचं स्नान घालावं की नाही, यावर थोडी चर्चा झाली आणि फुलानं नुसतं पाणी शिंपडावं असं ठरलं. त्यातही धोका नको म्हणून विष्णुपंतांनी आधी सेल बाहेर काढले. मुंजाजीच्या संचाचे त्याच्या हातात दिले. साहेबांच्या संचाचे विड्याच्या पानावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. "शक्ती यांच्यात आहे साहेब," ते म्हणाले, "बाकी डबडंच." साहेबांना ते पटलं. त्यांनी स्वतः नारळ फोडला. पूजेतली हत्यारं दसरा होईस्तोवर हलवायची नसतात, त्यामुळे दोन दिवस साइटवर शांतता होती. मुंजाजी ते दोन्ही दिवस झोपून होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं बिल्ला देऊन संच घेतला, सेल धोतराच्या सोग्यानं पुसून आत घातले आणि खदानीवर गेला. माणिकरावानं दारू भरून ठेवली होती. मुंजाजीनं शिट्टी फुंकली, निशाण फिरवलं, बायका बांधाआड गेल्या. त्यात पंचफुलाही होती. मग त्यानं बटण दाबलं.

"रान मोकळं हाय साहेब. ओव्हर."

संच गप्प. तो टेकाडावर आणखी वर चढला आणि पुन्हा बोलला. पलीकडून काही नाही. तिसऱ्या वेळी त्यानं पोटातून जोर लावला, तेव्हा घशात काहीतरी उसवलं आणि तोंडाला लोखंडाची चव आली. बटण दाबलं की संचाचा लाल दिवा दर वेळी नीट लागत होता. म्हणजे संच जिवंत होता. मेलं होतं ते दुसरंच काहीतरी.

"काय रं," माणिकराव खालून म्हणाला, "मशीन देव्हाऱ्यातून उठलं न्हाई व्हय आजून?"

ऑफिसात साहेब संच समोर ठेवून बसले होते. साइट बोलत नव्हती, आणि साइट बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता. तो पाळता येईल तेवढा पाळून ते जीपमध्ये बसले आणि ओढ्याला वळसा घालून खदानीवर आले. मागच्या सीटवर विष्णुपंत होते. खिळ्याला बिल्ला कुणाचा आहे, असं साहेबांनी विचारल्यावर ते मुंजाजीचा म्हणाले. पण दोन दिवसांमागचं फुलानं शिंपडलेलं पाणी त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

साहेब मुंजाजीपासून थोडे लांब उभे राहिले, आपला संच कानाला लावला आणि म्हणाले, "बोल."

मुंजाजीचे ओठ हलले.

"अरे, बोल की."

"बोलायलो साहेब," असं त्याच्या ओठांवरून कळलं.

साहेबांनी संच कानावरून काढला आणि विष्णुपंतांकडे पाहिलं. पाणीच गेलं आहे, दुसरं काही नाही, मुंबईला पाठवावा लागणार, असा निकाल त्यांनी दिला. मग साहेब मुंजाजीला म्हणाले, "ठीक आहे. तोवर पूर्वीसारखी हाळी दे. दारू भरून पडलीये."

बांधाआड बायका कानावर हात ठेवून बसल्या. सगळ्यांना त्या हाळीची सवय होती, बरेच महिने ऐकली नव्हती. मुंजाजी टेकाडावर उभा राहिला. त्यानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पाण्याचा नळ बंद पडताना येते तशी नुसती हवा बाहेर आली. बायका कानावर हात ठेवून तशाच वाट पाहत राहिल्या, कारण काही झालं आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. फक्त पंचफुलानं हात खाली घेतले.

मुंजाजी खाली उतरला. साहेबांच्या अगदी जवळ गेला. साहेबांनी वाकून कान पुढं केला, तेव्हा तो म्हणाला, "मशीन चांगलं हाय साहेब. पंतांची बी काई चूक न्हाई. माजाच आवाज जाईना झालाय त्याच्यात."

"कधीपासून?"

"शिमग्यापसून."

सगळ्यांना मोकळं वाटलं. संच बिघडला असता तर कारण लिहून द्यावं लागलं असतं. कारणात पूजा आली असती आणि पूजेत नारळ फोडणारे साहेब. माणूस बिघडला तर एवढं काही नसतं. साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी मुंजाजीच्या पाठीवर हात ठेवला, आधी का सांगितलं नाहीस म्हणाले, तब्येतीपुढं नोकरी काय आहे म्हणाले. पण आवाज नसलेला माणूस सुरुंगाच्या कामावर ठेवला आणि उद्या कुणी मेलं, तर काय उत्तर द्यायचं? आणि दुसरं हलकं काम साइटवर नव्हतं. बरा झालास की ये, असं सांगून त्यांनी त्याचं नाव कमी करायला लावलं. दिवाळीचं कुणी बोललं नाही. हाळी माणिकरावानं दिली. बरी दिली. सुरुंग उडाला.

संध्याकाळी मुंजाजी संच जमा करायला स्टोअरात गेला. विष्णुपंतांनी संच उलटसुलट करून पाहिला, फडताळात ठेवला आणि नेहमीच्या हातानं खिळ्यावरचा बिल्ला काढून त्याला दिला. त्यानंही तो नेहमीसारखा कमरेला खोचला. तो दारापर्यंत गेल्यावर विष्णुपंतांच्या लक्षात आलं.

"मुंजाजी," ते म्हणाले, "बिल्ला ठेवून जावं लागतं रे."

त्यानं तो परत आणून टेबलावर ठेवला. विष्णुपंतांना काहीतरी बोलायचं होतं. त्याच्या त्या एका वाक्यानं त्यांची नोकरी वाचली होती, निदान त्यांना तसं वाटत होतं. "पाथरीला एक वैद्य आहेत म्हणतात," ते म्हणाले. मुंजाजीनं मान हलवली. विष्णुपंतांनी बिल्ला फडक्यानं पुसला आणि रिकाम्या बिल्ल्यांच्या डब्यात टाकला.

झोपडीत पंचफुलानं गाठोडं बांधायला घेतलं होतं. भांडी थोडी होती, तरी ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. मुंजाजी उंबऱ्यात बसला. मग गाठ मारता मारता तिनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मान हलवून भागणार नाही असा प्रश्न विचारला.

"आता म्या काय करू?"

मुंजाजी तिच्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं तिनंच "भाकर वाढू?" असं विचारलं, आणि त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं गावाकडं गेली. त्याच सकाळी संच माणिकरावाच्या खांद्याला लागला. माणिकरावाचा गळा ठणठणीत होता. त्यानं संचात तोंड घालून "रान मोकळं हाय" अशी आरोळी ठोकली, ती ओढ्यावरून ऑफिसात नीट ऐकू आली. टेबलावरच्या संचातून मात्र आली नाही. साहेबांनी विष्णुपंतांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी धीर करून साहेबांचा संच हातात घेतला, त्याच्यावरची वाळलेली झेंडूची माळ काढली आणि मागचं झाकण उघडलं.

आत सेल नव्हते. ते खंडेनवमीच्या निर्माल्याबरोबर ओढ्यात गेले होते.