तिसऱ्या टाकीची काठी

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. रंगाच्या बंद कारखान्याचं आवार. तिथे आता घरं उभी राहताहेत. त्या वेळी मी जमिनीखालच्या टाकीत उतरले आणि ओली होऊन वर आले.

मी मापकाठी. सागवानी, आठ फुटी. टोकाला लोखंड नाही, कारण थिनरच्या टाकीजवळ ठिणगी चालत नाही. मला ज्यांनी तासलं त्यांना अख्खा कारखाना ‘टाकीवाले’ म्हणायचा. रोज ते माझ्या अंगाला खडू फासत, पाइपातून मला खाली सोडत आणि खडू कुठवर भिजलाय ते वाचत. टाक्या तीन होत्या.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. बारा वर्षं मी जळमटं काढली. कोळी मला घाबरायचे. आता मी घाबरलेय.

टाकीवाल्यांच्या लेकीने त्याच जागेवर तळमजल्याचं घर घेतलंय. सोमवारी दोघं ते बघून आली आणि घरात वाद जुंपला.

“बाबा, नव्या घराला रंगाचा वास येणारच.”

“अगं, भिंतींना अजून ब्रश लागलेला नाही! कुठला रंग?”



दुसऱ्या दिवशी टाकीवाल्यांनी मला सोबत घेतलं. घरामागे, मुलांच्या मैदानासाठी टाकलेल्या वाळूत, त्यांनी पाइपाचं झाकण उकरून काढलं. इंजिनिअर धावत आला.

“काका, काठी घेऊन कुणाला बडवायला निघालात? नकाशात दोनच टाक्या आहेत. दोन्ही रिकाम्या केल्याचा दाखला आहे.”

“मूळ नकाशात तीन आहेत. तो रोज माझ्या डोक्यावर टांगलेला असायचा.”

मला खडू फासला गेला. मी खाली गेले. तळ लागायच्या आधीच तो जुना गारवा अंगाला भिडला. साडेतीन फूट.

दहा पावलांवर वेल्डर झोपाळ्याचा खांब जोडत होता.

“अरे, बंद कर ते आधी!” टाकीवाले ओरडले.

वेल्डरने तोंडावरची काच वर केली आणि इंजिनिअरसाहेबाकडे पाहिलं.

“पावसाचं पाणी असेल,” साहेब म्हणाला.

टाकीवाल्यांनी मला त्याच्या नाकापुढे धरलं. “हुंगा.”

त्याने हुंगलं नाही. “काठी ठेवून जा, तपासणीला पाठवतो,” एवढंच म्हणाला.

आज नऊ दिवस झाले. तपासणी म्हणजे साइट ऑफिसच्या खिडकीला लावलेला टेकू. थिनर माझ्या अंगावरून केव्हाच उडून गेलं. खडूवरची रेघ तेवढी राहिलीय. पाइपाच्या तोंडावर सिमेंट ओतलंय. लेक रोज फाटकापर्यंत येते, पहारेकरी तिला परत पाठवतो. वेल्डर पुन्हा कामाला लागलाय. त्याची प्रत्येक ठिणगी मला इथून दिसते आणि मी आतून चिरत जाते.

खिडकी आपटली तर आपटू दे, काचा फुटू देत. कोणीतरी मला इथून काढा, ते सिमेंट फोडा आणि त्या पाइपात मला आणखी एकदा सोडा. येत्या रविवारी बेचाळीस घरांच्या चाव्या वाटायच्या आहेत.

मूळ नकाशातली तिसरी टाकी कोणी खोडली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.